शॉकअपच्या सायकलला पुढे कॅरिअर: काय बसतं, किती खर्च येतो

गेल्या काही वर्षांत घरोघरी गिअरची सायकल आली. बहुतेकांनी ती व्यायामासाठी घेतली आणि पुढे शॉकअप असलेलीच घेतली, कारण वीस हजारांच्या आत बघायला गेलं की दुकानात समोर तीच उभी असते. आता तीच सायकल मंडईत न्यावी, ऑफिसचा डबा आणि लॅपटॉप तिच्यावर ठेवावा, जमलं तर कोकणातल्या चार दिवसांच्या फेरीचं सामान लादावं, असं अनेकांना वाटू लागलंय. विचार उत्तम आहे. पाठीवरची सॅक उतरली की घाम कमी येतो, मान-खांदे मोकळे राहतात आणि सायकल खऱ्या अर्थाने घरच्या कामाला लागते. मागच्या कॅरिअरचं काम सोपं असतं. अडतं ते पुढे.

पुढे सामान न्यायची सोय चारशे रुपयांतही होते आणि वीस हजारांतही. महाग घेतलं म्हणून बरोबर बसेल असं नाही, आणि स्वस्त घेतलं म्हणून धोका आहे असंही नाही. कॅरिअर कुठे अडकवलंय यावर सगळं ठरतं. म्हणून पाकीट काढण्याआधी सायकलसमोर पाच मिनिटं उकिडवं बसून फोर्क नीट बघावा.

वर हँडलखालून एक जाड नळी येते. ती ज्या आडव्या भागात शिरते तो क्राउन. क्राउनमधून दोन चकचकीत नळ्या खाली उतरतात आणि खालच्या दोन जाड, रंगवलेल्या पायांत सरकतात. हे दोन पाय टायरच्या वर एका कमानीने जोडलेले असतात, आणि त्यांच्या तळाशी असलेल्या कानांत चाकाचा एक्सल बसतो. खड्डा आला किंवा पुढचा ब्रेक दाबला की वरचा सगळा भाग खालच्या पायांत उतरतो. आपल्याकडच्या सर्वसाधारण सायकलींत हा उतार, म्हणजे ट्रॅव्हल, ५० ते १०० मिलिमीटर असतो. म्हणजे क्राउन आणि एक्सल यांच्यातलं अंतर चालताना सतत कमी-जास्त होत असतं, कधी कधी चार बोटांनी.

जुन्या काळ्या सायकलीचा फोर्क अखंड असतो. तिथे कॅरिअरचं एक टोक वर क्राउनला आणि दुसरं खाली एक्सलला बांधलं तरी काही बिघडत नाही. कारागीर वर्षानुवर्षं तसंच बसवत आले, हात त्यालाच सरावलेले. त्यामुळे शॉकअपची सायकल घेऊन गेलात तरी ऐकायला मिळेल, "साहेब, वर क्राउनला एक पट्टी मारतो, खाली दोन पाय एक्सलला. अजिबात हलणार नाही." नेमकं हेच करायचं नाही. दुकानात उभं केल्यावर ते खरंच हलत नाही. पण पहिल्या मोठ्या खड्ड्यात वरचं टोक खाली येऊ पाहतं आणि मधली पट्टी त्याला अडवते. मग पट्टी वाकते, किंवा बोल्ट तुटतो, किंवा फोर्कचा कान मोडतो. सुटलेला पाय चाकाच्या तारांत गेला तर चाक जागच्या जागी थांबतं आणि चालवणारा हँडलवरून पुढे फेकला जातो. पुढच्या चाकाचा अपघात सावरायला वेळ देत नाही, म्हणून या एका मुद्द्यावर मेकॅनिकशी वाद घालावा लागला तरी घालावा.

नियम असा: कॅरिअरचे सगळे टेकू स्प्रिंगच्या एकाच बाजूला हवेत. एकतर सगळे खालच्या पायांवर आणि एक्सलवर, नाहीतर सगळे वर हँडलवर किंवा फ्रेमवर. थोडं वर, थोडं खाली हे चालत नाही. फोर्कला लॉकआउट, म्हणजे दबणं बंद करायची कळ, आहे, ती लावूनच चालवतो, ही पळवाटही धरू नका. लॉक केलेला फोर्कही जोराच्या दणक्याला थोडा दबतो, आणि उतारावर लॉक लावायचं विसरायला एक दिवस पुरतो.

आता पैशांकडे येऊ. पुढे दिलेले दर पुण्या-मुंबईकडच्या किरकोळ बाजारातले ढोबळ आकडे आहेत, अंदाजपत्रक करण्यापुरते. तालुक्याच्या गावी मजुरी कमी पडेल, पण शॉकअपच्या सायकलीचे सुटे भाग मागवावे लागतील आणि त्यात पार्सलचा खर्च वाढेल.

हँडलवरची सोय

सगळ्यात स्वस्त आणि पुष्कळांना पुरेशी. तारेची बास्केट ३०० ते ७०० रुपयांना मिळते, कापडी हँडल बॅग ६०० ते २,५०० रुपयांना. बास्केट घेताना तिला नुसते दोन हुक आहेत की हँडलला आवळणारा ब्रॅकेट आहे ते पाहा. हुकाची बास्केट खड्ड्यात उड्या मारते आणि ब्रेकच्या वायरी घासून काढते. ब्रॅकेटवाली शंभर-दोनशे रुपयांनी महाग असते, तेवढे द्यावेत. लेडीज सायकलीची बास्केट घेऊ नका. तिच्याबरोबर खाली एक्सलपर्यंत जाणाऱ्या दोन लोखंडी काड्या येतात, आणि वर सांगितलेला घोटाळा त्या काड्यांनीच होतो. दुकानदार म्हणतो, काड्या काढून टाका. पण काड्या काढल्या की बास्केटचा सगळा भार वरच्या दोन पातळ पत्र्यांवर येतो, आणि ते त्यासाठी बनवलेले नसतात.

हँडलवर किती वजन? जर्मनीच्या क्लिकफिक्सचा हँडलचा नेहमीचा अडॅप्टर ७ किलोपर्यंतचा आहे, आणि ती चांगल्यातली चांगली वस्तू. आपल्या बाजारातल्या ब्रॅकेटवर तीन किलोच्या पुढे जाऊ नये असं माझं मत आहे. डबा, पाण्याची बाटली, पावसाळी जाकीट, पावशेर मिरच्या-कोथिंबीर एवढं त्यात बसतं. बटाटे-कांद्यांची पिशवी बसत नाही.

इथे एक मोजमाप करावंच लागतं. हँडलवरचं सामान स्प्रिंगच्या वर असतं, म्हणजे फोर्क दबला की टायर सामानाच्या दिशेने वर येतो. बास्केटचा तळ आणि टायर यांच्यात पूर्ण ट्रॅव्हल अधिक दोन-तीन सेंटिमीटर एवढी मोकळी जागा ठेवा. ट्रॅव्हल ८० मिलिमीटर असेल तर अकरा सेंटिमीटर धरा. ट्रॅव्हल बहुतेक फोर्कवर छापलेला असतो किंवा सायकलीच्या पुस्तिकेत सापडतो. फोर्क रोज किती दबतो हे पाहायचं असेल तर एका चकचकीत नळीवर बारीक केबल टाय सरकेल इतपत सैल बांधा, खाली रबरी सीलला टेकवा आणि नेहमीच्या रस्त्याने एक फेरी मारा. परत आल्यावर टाय सीलपासून जेवढा वर दिसेल तेवढा तुमचा फोर्क त्या फेरीत दबला. आधी मोकळ्या सायकलीवर, मग बॅग भरून, असं दोनदा केलंत तर वजनाचा परिणाम डोळ्यांनी दिसतो. टाय नंतर कापून टाका. मोकळी जागा मात्र टायच्या आकड्यावर ठरवू नका, ती पूर्ण ट्रॅव्हल धरूनच ठेवा.

सामान वाढलं की फोर्क आधीच थोडा खाली बसतो. स्प्रिंगच्या फोर्कला वर बहुधा प्रीलोडचा नॉब असतो. तो एक-दोन वळसे आवळला की फरक भरून निघतो, आणि त्याला खर्च नाही. हेडलाइट बास्केटच्या मागे झाकला जातो, म्हणून तो बास्केटच्या पुढच्या कडेला हलवा. त्याचा छोटा ब्रॅकेट शंभर-दीडशेला मिळतो.

हँडलऐवजी फ्रेमच्या पुढच्या नळीवर, म्हणजे हेड ट्यूबवर, सामान अडकवायचीही पद्धत आहे. ब्रॉम्प्टन या इंग्रजी घडीच्या सायकलीला पुढे असाच ठोकळा असतो आणि त्यावर १० किलोपर्यंतची बॅग बसते. सामान फ्रेमवर असल्याने हँडल वळवलं तरी ते वळत नाही आणि स्टिअरिंग हलकं राहतं. पण त्यासाठी हेड ट्यूबवर आटे पाडलेली भोकं लागतात. आपल्याकडच्या गिअरच्या सायकलींना ती सहसा नसतात, म्हणून हा पर्याय इथेच सोडू.

खालच्या पायांवरचं खरं कॅरिअर

पाच-सहा किलो पुढेच न्यायचे असतील तर कॅरिअर फोर्कच्या खालच्या भागावर बसवावं लागतं. इथे चांगल्या कंपन्यांकडून शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातली ओल्ड मॅन माउंटन ही कंपनी शॉकअपच्या सायकलींनाही बसणारी कॅरिअर बनवते. तिच्या डिव्हाइड या कॅरिअरची क्षमता एक्सलवर बसवल्यास ७० पौंड, म्हणजे साधारण ३२ किलो. एवढं वजन पेलतं, कारण ते थेट एक्सलवर उतरतं. वरच्या बाजूला फोर्कच्या पायांना आवळलेल्या क्लिपा कॅरिअरला फक्त पुढे-मागे डोलू देत नाहीत. वजन एक्सलवर, तोल क्लिपांवर. गल्लीतल्या कारागिराकडून काम करून घेतानाही हेच तत्त्व धरायचं.

परदेशी कॅरिअरची मूळ किंमत दीडशे डॉलरच्या पुढे, एक्सलचा संच वेगळा, पार्सल आणि सीमाशुल्क वेगळं. घरी येईपर्यंत वीस हजारांच्या पुढे जातं. स्वीडनच्या थुलेचं पट्ट्यांनी आवळायचं टूर रॅकही शॉकअपच्या फोर्कला बसतं, आणि तेही स्वस्त नाही. मनाली-लेहसारख्या मोहिमेसाठी, पन्नास-साठ हजारांच्या सायकलीवर, हा खर्च समजू शकतो. बारा हजारांच्या सायकलीवर वीस हजारांचं कॅरिअर बसवू नये. त्या सायकलीचा फोर्कच एवढा भार सतत झेलायला बनवलेला नसतो.

देशी मार्ग असा. अ‍ॅल्युमिनियमचं साधं पुढचं कॅरिअर ९०० ते २,५०० रुपयांना मिळतं. ते अखंड फोर्कसाठी केलेलं असतं, म्हणून त्याची वरची पट्टी क्राउनपर्यंत येते. ती पट्टी वापरायचीच नाही. त्याऐवजी वरचा टेकू दोन ठिकाणी घेता येतो.

तुमच्या सायकलीला डिस्क ब्रेक असतील तर फोर्कच्या पायांवर, रिमच्या उंचीला, दोन रिकामे खुंट आहेत का पाहा. एकच फोर्क डिस्क आणि व्ही ब्रेक दोन्हींसाठी बनवून विकला जातो, त्यामुळे अनेक सायकलींत ते खुंट नुसते पडून असतात. त्यांच्यात ६ मिलिमीटरच्या बोल्टचे आटे असतात आणि ते खालच्या पायांवरच असतात, म्हणजे स्प्रिंगच्या योग्य बाजूला. वरच्या टेकूसाठी याहून चांगली जागा नाही, आणि खर्च फक्त दोन स्टेनलेस बोल्ट आणि वायसरचा, वीस-तीस रुपये. हे खुंट असतील तर पुढच्या निम्म्या अडचणी संपल्या.

खुंट नसतील तर क्लिपा. रबराचं अस्तर असलेल्या पी-क्लिपा २० ते ६० रुपयांना एक, होज क्लिपाही साधारण त्याच भावात. चार घ्या. पायाच्या रंगवलेल्या भागावर आधी जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा आणि त्यावर क्लिप आवळा. वरच्या चकचकीत नळीवर क्लिप कधीही येऊ देऊ नका. तिथे एक ओरखडा पडला तरी सील फाटतं, पाणी-माती आत जाते आणि फोर्क एका पावसाळ्यात जाम होतो. क्लिप किती आवळायची हे पायाच्या धातूवर ठरतं. फ्रीजवरचं चुंबक लावून बघा. चिकटलं तर पाय स्टीलचा, तो जरा जास्त आवळलेलं सोसतो. नाही चिकटलं तर मॅग्नेशियम किंवा अ‍ॅल्युमिनियमचं पातळ ओतकाम, तिथे रबर दबलं, क्लिप हाताने फिरेनाशी झाली की थांबायचं. आणि कारागिराने ड्रिल मशिन हातात घेतलं तर त्याला तिथेच थांबवा. फोर्कच्या पायाला भोक पाडायचं नाही, त्यावर वेल्डिंगही नाही. आतली जागा पोकळ असते, नळी तिथूनच सरकते.

खालचा टेकू एक्सलवर. साध्या, नटच्या एक्सलला कॅरिअरचा पाय फोर्कच्या कानाबाहेर बसतो आणि वरून नट येतो. नट पूर्ण चढल्यावरही एक्सलचे एक-दोन आटे बाहेर दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर लांब एक्सल टाकून घ्या, १०० ते २०० रुपये आणि थोडी मजुरी. फोर्कच्या कानाला बाहेरून उंचवटा असतो, चाक अचानक सुटू नये म्हणून दिलेला. कॅरिअरची पट्टी त्या उंचवट्यावर तिरकी बसली तर नट घट्ट वाटतो, पण चाक पक्कं नसतं. मधे योग्य मापाचा वायसर घालून पट्टी सपाट बसवावी. क्विक रिलीज असेल तर मूळ सळईत कॅरिअरची पट्टी कोंबू नका, लांब सळई लागते. पुढच्या डिस्क ब्रेकचा जोर चाकाला फोर्कच्या कानातून खाली ओढू पाहतो, म्हणून डिस्कवाल्या सायकलीत एक्सलचं आवळणं जराही कमी पडलेलं चालत नाही. ही जोडणी घरी न करता सायकलीच्याच दुकानात करून घ्यावी.

डाव्या बाजूला डिस्क आणि कॅलिपर असतो, तिथे कॅरिअरचा पाय अडतो. त्याला १५ ते २५ मिलिमीटर बाहेर काढायला नळीचे छोटे तुकडे, म्हणजे स्पेसर, लागतात. उजवीकडेही तेवढेच घाला, नाहीतर सामान एका अंगाला जातं. स्पेसर आणि लांब बोल्ट मिळून शंभर रुपये धरा. सगळे नट नायलॉकचे घ्या, पाच रुपयांच्या आत एक मिळतो. खालच्या पायांवर प्रत्येक दणका थेट येतो आणि साधे नट चार दिवसांत ढिले होतात. जिथे नायलॉक बसत नाही तिथे निळ्या थ्रेडलॉकचा थेंब टाका. छोटी बाटली शंभर-दोनशेला येते आणि घरात वर्षानुवर्षं पुरते.

मजुरी गल्लीतल्या दुकानात १०० ते २०० रुपये, मोठ्या शोरूममध्ये ३०० ते ५००. म्हणजे कॅरिअरसकट देशी मार्गाने दीड ते साडेतीन हजारांत काम होतं.

लोखंडी सळईचं कॅरिअर फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यायचा मार्गही आहे, पाचशे ते बाराशे रुपये. मापं तुमच्या सायकलीचीच असल्याने ते नीट बसतं. पण ते जड होतं, आणि पुढच्या चाकावरचं प्रत्येक जादा पाव किलो स्टिअरिंगमध्ये जाणवतं. करूनच घेणार असाल तर ८ मिलिमीटरची सळई पुरे म्हणून सांगा, आणि पावडर कोटिंग करून घ्या. नुसता रंग पहिल्या पावसाळ्यात वेल्डच्या जागी सोलतो.

एवढं करूनही काय मिळतं हे आधी माहीत असावं. खालच्या पायांवर बांधलेल्या सामानाला शॉकअपचा काहीही फायदा मिळत नाही. स्प्रिंग तुमचे हात वाचवते, टोमॅटो नाही. चाकाबरोबर सामानही वर-खाली आदळतं, चाक जड होतं आणि खड्ड्याला पूर्वीइतक्या चपळाईने दाद देत नाही. म्हणून देशी कॅरिअरवर दोन्ही बाजूंना मिळून पाच-सहा किलोच्या वर जाऊ नका, सामान खाली आणि दोन्हीकडे सारखं ठेवा, अंडी आणि लॅपटॉप पाठीवर घ्या.

फोर्कच बदलला तर?

अनेकांना हा सल्ला पटत नाही, तरीही मी तो देतो. सायकल मुख्यतः शहरात आणि डांबरी रस्त्यावर चालणार असेल, तर पुढचा शॉकअप काढून साधा, अखंड स्टीलचा फोर्क बसवावा. स्वस्त सायकलीचा स्प्रिंगचा फोर्क अडीच किलोच्या आसपास भरतो, साधा स्टीलचा साधारण सव्वा किलो. म्हणजे कॅरिअर बसवूनही पुढचं वजन पूर्वीइतकंच राहतं. दबणं नाही, सील नाही, आणि कॅरिअरसाठी आटे पाडलेली भोकं फोर्कवर बहुधा आधीच असतात. साधं देशी कॅरिअर त्यावर पंधरा मिनिटांत बसतं.

साधा स्टीलचा फोर्क १,००० ते २,५०० रुपयांना, अ‍ॅल्युमिनियमचा तीन हजारांच्या पुढे. बदलायची मजुरी ३०० ते ६००. कॅरिअर धरून सगळा खर्च अडीच ते साडेपाच हजार. पण मापं चुकली तर हे पैसे पाण्यात, म्हणून दुकानात जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्या. हेड ट्यूबमध्ये जाणाऱ्या नळीची जाडी, आताच्या बहुतेक सायकलींत ती २८.६ मिलिमीटर असते. नळीला वर आटे आहेत की ती साधी आहे. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर लावायचे कान नव्या फोर्कवर आहेत का. आणि एक्सलपासून क्राउनच्या तळापर्यंतची उंची.

या उंचीकडे दुकानदारही दुर्लक्ष करतात. तुम्ही सायकलीवर बसल्यावर शॉकअप जितका दबतो तितका वजा करून येणारी उंची नव्या फोर्कची हवी. पुढची बाजू २० मिलिमीटरने खाली गेली की हँडलचा कोन साधारण एका अंशाने उभा होतो. वीस मिलिमीटर चालून जातात. चाळीस-पन्नास गेले तर स्टिअरिंग चुळबुळं होतं, पेडल वळणावर जमिनीला घासतं आणि सगळा भार मनगटांवर येतो. शॉकअपच्या मापाचे लांब अखंड फोर्क वेगळे मिळतात, तेच मागा. जुना फोर्क घरी आणा. तो चांगला असेल तर दुकानदार पाचशे-सातशेला घेतो, नाहीतर पुढे सायकल विकताना तो परत बसवता येतो.

आणि मागे?

सायकलीवर पोट असणाऱ्यांकडे बघा. दूधवाल्याच्या किटल्या मागच्या कॅरिअरच्या दोन बाजूंना लटकतात. गोव्यातला पोदेर, म्हणजे पाववाला, पावाची मोठी टोपली मागे बांधतो. मुंबईच्या डबेवाल्याच्या हँडलला डबे लटकलेले दिसतात खरे, पण त्याचं मागचं कॅरिअरही भरलेलं असतं, आणि त्याच्या सायकलीचा फोर्क अखंड असतो. मागचं चाक वजन मुकाट घेतं, स्टिअरिंगला धक्का लागत नाही. लुधियानात बनलेलं मागचं चांगलं कॅरिअर ६०० ते १,५०० रुपयांना मिळतं, त्याला दोन्हीकडे लटकवायच्या पिशव्या हजार-दोन हजारांना. ज्यांच्या सायकलीला अजून मागे कॅरिअर नाही त्यांनी पुढच्याचा विचार आत्ता करूच नये. फक्त सीटच्या नळीला एकाच ठिकाणी आवळायचं कॅरिअर टाळा. ते भाराखाली फिरतं. एक्सलजवळ दोन पाय टेकणारंच घ्या.

मागे भरून झाल्यावरही सामान उरतं तेव्हा पुढचं कॅरिअर लागतं. लांबच्या फेरीत थोडं वजन पुढे असलं तर चढावर सायकलीचं तोंड उचललं जात नाही, हा फायदा खरा आहे. त्यासाठी तीन-चार किलो पुरतात.

विकत घेताना, बसवल्यावर

कॅरिअरवर किलोचा आकडा कोरलेला किंवा छापलेला आहे का ते पाहा. सामानाच्या कॅरिअरसाठी आयएसओ ११२४३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. तो क्रमांक दिसला तर वस्तूची चाचणी झाली आहे असं समजायला जागा आहे. आकडाच नसेल तर दुकानदाराच्या तोंडी "पंचवीस किलो घेतं साहेब" याला किंमत देऊ नका. सायकलीच्या पुस्तिकेतली एकूण वजनाची मर्यादा चालवणारा आणि सामान मिळून असते, हेही बघा.

बसवून झाल्यावर दुकानातच तपासा. पुढचा ब्रेक घट्ट धरा, हँडलवर छातीचा भार टाका आणि फोर्क शेवटपर्यंत दाबा. कॅरिअरचा कुठलाही पाय वाकायला नको, कुठे करकर नको, टायर कशालाही टेकायला नको. मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, ब्रेकची वायर कुठे ताणते का पाहा. पुढचं चाक उचलून फिरवा, डिस्कला काही घासत नाही ना ऐका. हे सगळं नीट झालं की प्रत्येक नटावर आणि त्याच्या शेजारच्या धातूवर मिळून पांढऱ्या रंगाची एक आडवी रेघ ओढून घ्या. नट ढिला होऊ लागला की रेघ तुटलेली दिसते, पाना न लावता. पहिल्या आठवड्यात रोज, मग दर पंधरा दिवसांनी त्या रेघांवरून नजर फिरवा. जून ते सप्टेंबर क्लिपांखालचं रबर महिन्यातून एकदा काढून पुसा. तिथे अडकलेली वाळू फोर्कचा रंग आणि मग धातू खाते.

सायकल वॉरंटीत असेल तर कॅरिअर बसवल्याने फोर्कची वॉरंटी जाते का, हे कंपनीला ईमेलने आधी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी होकार नंतर कामाला येत नाही. बिल घ्याच, आणि त्यात वस्तू आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दराने बिल आलं तर दुरुस्त करून मागा. मजुरीच्या ओळीत "पुढचं कॅरिअर, फोर्कच्या खालच्या पायांवर बसवलं" असं लिहिलेलं असलं तर जोडणी चुकल्याचं नंतर दाखवता येतं. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तक्रारीसोबत बिल आणि कॅरिअर बसवल्या दिवशीचे दोन फोटो, एक समोरून आणि एक डाव्या बाजूने, जोडा.